दुष्काळी तालुक्यातली अतिवृष्टी : हवामानाचं मॉडेल काय सांगतं आणि काय नाही

बारामती-इंदापूरच्या पावसावर लेख लिहायचा म्हटलं की समोरचा पहिल्यांदा हसतो. "पाऊस? आणि आपल्याकडे?" त्याचंही बरोबर आहे. बारामतीत वर्षभरात साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या एखाद्या मित्राला हा आकडा सांगा, तो म्हणेल, "एवढा तर आमच्याकडे जुलैच्या एका आठवड्यात होतो." आपण पर्जन्यछायेतली माणसं. कॅनॉल, टँकर, शेततळं, ठिबक हे आपले शब्द. पूर हा आपला शब्द नव्हता.

पण जरा हा हिशेब बघा. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बारामती होतं आणि इंदापूरही होतं. त्यानंतर अकरा महिनेसुद्धा झाले नव्हते, तोवर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदर तालुक्यात प्रचंड पाऊस झाला, नाझरे धरण भरून वाहिलं आणि एरवी बहुतेक वर्षभर कोरडी पडलेली कऱ्हा बारामतीत पूर घेऊन आली. नदीकाठच्या हजारो लोकांना हलवावं लागलं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर २०२० ला, इंदापूर, बारामती, दौंड या पट्ट्याला पावसाने झोडपलं. निमगाव केतकीला ओढ्याच्या पुरात सापडलेल्या दोघांना जेसीबी लावून बाहेर काढावं लागलं. आणि मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, ज्या दिवसांत आपण वळवाच्या दोन सरींवर खूश असतो, त्या दिवसांत दोन्ही तालुक्यांत घराघरांत पाणी शिरलं, पिंपळी-लिमटेक भागात नीरा डावा कालवा फुटला आणि एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली.

म्हणजे दुष्काळ गेला आणि पूर आला असं झालेलं नाही. दोघेही एकाच घरात राहायला आलेत. मग आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर सरळ प्रश्न उभा राहतो. आपण उद्या मोरी बांधणार, ओढ्यावर पूल बांधणार, गटार टाकणार, शेततळ्याचा सांडवा काढणार. ते डिझाईन कुठल्या पावसासाठी करायचं? मागच्या पन्नास वर्षांतल्या की पुढच्या पन्नास वर्षांतल्या?

पुढचा पाऊस अजून पडलेला नाही. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. त्यासाठी जे साधन वापरतात त्याला म्हणतात रिजनल क्लायमेट मॉडेल, म्हणजे प्रादेशिक हवामान मॉडेल. ते काय आहे ते या लेखात बघू.

मुळात पाऊस वाढेल कशाने?

आधी बारावीचं फिजिक्स. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची वाफ धरून ठेवायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. हा क्लॉसियस-क्लेपेरॉनचा नियम. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात आपण तो पाठ करून लिहितो आणि विसरतो. याचा अर्थ आभाळाची टाकी मोठी झाली. टाकी मोठी झाली की भरायला वेळ लागतो, म्हणजे दोन पावसांत खंड पडू शकतो. पण रिकामी होते तेव्हा एकदम होते.

आकडेही हेच सांगतात. पुण्याच्या आयआयटीएममधले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात जोरदार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. त्यामुळे एकूण सरासरीत फारसा फरक दिसला नाही. सरासरी बघणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक आहे. शेतकऱ्याला मात्र कळतं की रिमझिम गेली आणि धबधबा आला. पुढे २०१७ मध्ये आयआयटीएमचेच रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदींवरून मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं मांडलं.

मॉडेल म्हणजे नक्की काय?

मॉडेल म्हटलं की आपल्याला प्रदर्शनातलं थर्माकोलचं धरण आठवतं. इथे मॉडेल म्हणजे समीकरणांचा संच. वातावरणाचे लहान लहान चौकोनी ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळ्यात तापमान, दाब, वारा, बाष्प यांचे आकडे भरायचे. मग गतीचे नियम, वस्तुमान आणि ऊर्जा अक्षय्यतेचे नियम लावून काही मिनिटांनंतर हे आकडे काय होतील ते काढायचं. आलेलं उत्तर पुन्हा आत घालायचं. असं करत करत वर्षानुवर्षांचा हिशेब. फायनाइट एलिमेंट शिकलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. तिथे आपण बीमचे तुकडे करतो, इथे आभाळाचे.

सगळ्या पृथ्वीचं मॉडेल असतं त्याला ग्लोबल मॉडेल म्हणतात. हवामान बदलाच्या अभ्यासात अशा मॉडेलचा एक चौकोन बऱ्याचदा १०० ते २०० किलोमीटरचा असतो. आता गंमत बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून बारामती सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटर. म्हणजे ग्लोबल मॉडेलच्या दृष्टीने महाबळेश्वर आणि बारामती एकाच चौकोनात राहणारे शेजारी! त्याला सह्याद्रीही नीट दिसत नाही. एक बुटका, पसरट उंचवटा दिसतो. घाटावर ढग अडतात आणि पलीकडे आपण कोरडे राहतो, हे जे आपल्या भूगोलाचं मूळ आहे तेच गायब.

प्रादेशिक मॉडेल इथे उपयोगी पडतं. सगळी पृथ्वी न घेता एक तुकडा घ्यायचा, उदाहरणार्थ दक्षिण आशिया, आणि त्यात बारीक चौकोन पाडायचे, ५० किलोमीटरचे किंवा २५ किलोमीटरचे. २५ चा चौकोन घेतला तर महाबळेश्वर ते बारामती या अंतरात चार चौकोन बसतात. पहिला घाटाचा, शेवटचा आपला. आता मॉडेलला चढ दिसतो आणि उतारही दिसतो. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळून अशा चार-पाच चौकोनांत बसतात.

मग अजून बारीक का करत नाहीत? कारण बिल वाढतं. चौकोनाची बाजू निम्मी केली की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट चौकोन होतात आणि हिशेब बिघडू नये म्हणून वेळेची पायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे काम आठपट. म्हणूनच आयआयटीएममध्ये २०१८ ला 'प्रत्यूष' आणि २०२४ ला 'अर्क' असे महासंगणक बसवावे लागले.

चौकटीच्या बाहेरून काय येतं?

तुकडा घेतला की त्याला कडा आल्या. कडेवरून आत येणारा वारा, बाष्प, तापमान कुठून आणायचं? ते ग्लोबल मॉडेलकडून घ्यायचं, सहसा दर सहा तासांनी. याला बाउंडरी कंडिशन म्हणतात. मेसचं उदाहरण घ्या. आचारी कितीही चांगला असला तरी बाजारातून भाजीच किडकी आली तर तो काय करणार? तसंच ग्लोबल मॉडेलने मान्सूनच चुकीचा दिला तर प्रादेशिक मॉडेल तोच चुकीचा मान्सून अधिक बारीक नक्षीसह दाखवतं. चित्र सुंदर दिसलं म्हणून उत्तर बरोबर असं होत नाही.

कडा कुठे आखायच्या हाही प्रश्न आहे. वर सांगितलेल्या तीन घटना पुन्हा बघा. सप्टेंबर २०१९ चा पाऊस मान्सूनच्या अखेरीचा, आणि तो पडला वर पुरंदरात. ऑक्टोबर २०२० चं संकट बंगालच्या उपसागरातून आलं. आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेली प्रणाली तेलंगणा, सोलापूर असं करत आपल्यापर्यंत पोचली. मे २०२५ मध्ये अरबी समुद्रात कमी दाबाची प्रणाली तयार होऊन २४ मे ला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्याला लागली. म्हणजे इंदापूरच्या ओढ्याचा अभ्यास करायचा तर मॉडेलच्या चौकटीत दोन्ही समुद्र हवेत. फक्त पुणे जिल्ह्यापुरती चौकट आखली तर सगळे पाहुणे दाराबाहेरच राहतील.

अंदाज वेगळा, प्रक्षेपण वेगळं

इथे बहुतेकांची गल्लत होते. हवामान खातं सांगतं, "उद्या पुणे जिल्ह्यात मुसळधार." हा अंदाज. आजची स्थिती मोजून उद्याची काढलेली. २६ मे २०२५ ला, म्हणजे बारामती-इंदापूर पाण्याशी झुंजत होतं त्याच सुमाराला, देशाने ६ किलोमीटर चौकोनाची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू केली. तीही अंदाजाची यंत्रणा.

क्लायमेट मॉडेल २०५५ च्या १४ ऑक्टोबरला पाऊस पडेल का हे सांगत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो ज्योतिषी समजावा. क्लायमेट मॉडेल सांगतं की हरितगृह वायू अमुक इतके वाढले तर २०४१ ते २०७० या तीस वर्षांत मोठ्या पावसाचं प्रमाण आणि जोर आधीच्या तीस वर्षांच्या तुलनेत किती बदलेल. फाशाची प्रत्येक फेक काय येईल ते कळत नाही, पण फासा कुठल्या बाजूला जड केलाय ते कळतं. याला प्रक्षेपण म्हणतात. त्यात 'जर' असतोच. वायू किती सोडायचे ते माणसाच्या हातात आहे, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या शक्यता धरून मॉडेल चालवतात.

मॉडेलच्या खोडी

मॉडेलवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. त्याच्या तीन खोडी लक्षात ठेवा.

पहिली, सरासरीची. २५ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ६२५ चौरस किलोमीटर. त्या सगळ्या क्षेत्राला मॉडेल एकच आकडा देतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्याला फक्त ७३-७४. दोन्ही ठिकाणं जेमतेम अशा एका चौकोनाच्या अंतरावर. मॉडेलमधला १०० मिलिमीटर आणि पर्जन्यमापकातला १०० मिलिमीटर ही एकच गोष्ट नाही.

दुसरी, भुरभुरीची. बरीच मॉडेलं थोडा थोडा पाऊस फार जास्त दिवस पाडतात आणि खरा मुसळधार कमी पाडतात. कारण वळवाचा ढग चार-पाच किलोमीटरचा, तो २५ किलोमीटरच्या जाळ्यातून निसटतो. त्याचा परिणाम ठोकताळ्याने धरावा लागतो. पर्जन्यछायेत हे जास्त टोचतं, कारण आपला बराचसा पाऊस गडगडाटी ढगांचा.

तिसरी, एकट्याचं ऐकायची नाही. प्रत्येक मॉडेलचा स्वभाव वेगळा. म्हणून कॉर्डेक्ससारख्या जागतिक उपक्रमात एकाच प्रदेशासाठी अनेक मॉडेलं चालवतात. दक्षिण आशियाच्या या कामात आयआयटीएमचा मोठा वाटा आहे. दहापैकी नऊ मॉडेलं एकच दिशा दाखवत असतील तर भरवसा वाढतो. पाच वर आणि पाच खाली असतील तर गुपचूप दोन्ही टोकं लिहून ठेवावीत. सगळ्यांची सरासरी काढून मोकळं होणं ही पळवाट आहे.

म्हणून पहिली परीक्षा भूतकाळाची. मॉडेलला १९७१ ते २००० चा काळ चालवायला लावायचं आणि हवामान खात्याच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बघायचं. मागचं ज्याला जमलं नाही त्याचं पुढचं कशाला ऐकायचं?

एक सोडवलेलं उदाहरण

हायड्रॉलॉजीच्या पेपरला गम्बेलचा प्रॉब्लेम हमखास येतो. तोच घेऊ. आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेत, कुठल्या गावाचे नाहीत.

समजा एका ठिकाणी दरवर्षीच्या सर्वात मोठ्या एकदिवसीय पावसाची सरासरी ७० मिलिमीटर आणि प्रमाण विचलन ३० मिलिमीटर. पन्नास वर्षांच्या रिटर्न पिरियडसाठी गम्बेलचा गुणक २.५९२. म्हणून पन्नास वर्षांतून एकदा येणारा पाऊस = ७० + २.५९२ × ३० = सुमारे १४८ मिलिमीटर.

आता मॉडेलकडे जाऊ. त्याच चौकोनात मॉडेलचा जुन्या काळातला पन्नास वर्षांचा पाऊस आला ९० मिलिमीटर. प्रत्यक्ष १४८, मॉडेल ९०. म्हणजे मॉडेल कमी पाडतंय. भविष्यकाळासाठी त्याच मॉडेलने दिला १०८. हा १०८ थेट डिझाईनमध्ये वापरला तर घात होईल, आजच्यापेक्षाही लहान मोरी बांधाल! वापरायचं असतं गुणोत्तर. १०८ भागिले ९० म्हणजे १.२. या बदलाच्या गुणकाने प्रत्यक्ष आकड्याला गुणायचं. १४८ × १.२ = सुमारे १७८ मिलिमीटर. ही सर्वात सोपी दुरुस्ती. याहून चांगल्या पद्धती आहेत, पण कल्पना हीच.

हा १.२ अगदीच हवेतला नाही. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगाच्या जमिनीवर दहा वर्षांतून एकदा येणारा एकदिवसीय पाऊस, औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळाच्या तुलनेत, २ अंश तापमानवाढीला सुमारे १४ टक्क्यांनी आणि ४ अंशांना सुमारे ३० टक्क्यांनी जोरदार होतो. ती जगाची गोष्ट आहे, बारामतीची नाही, पण अंदाज यायला पुरे.

आता उलटा प्रश्न. सरासरी आणि विचलन दोन्ही १.२ पट झाले, म्हणजे ८४ आणि ३६, तर जुना १४८ मिलिमीटर पाऊस किती वर्षांनी येईल? गम्बेल उलटा सोडवा. उत्तर येतं सुमारे १८ वर्षं. पाऊस फक्त २० टक्क्यांनी वाढला, पण पन्नास वर्षांचा पाहुणा अठरा वर्षांनी यायला लागला. मोरीचं आयुष्य २५ वर्षं धरलं तर त्या काळात हा पाऊस एकदा तरी गाठण्याची शक्यता आधी सुमारे ४० टक्के होती, ती आता सुमारे ७६ टक्के. हे दोन आकडे स्वतः करून बघा. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

मग खर्च किती वाढेल?

इथेच बहुतेक जण हात वर करतात. "एवढ्या मोठ्या पावसासाठी डिझाईन करायचं तर बजेट कुठून आणायचं?" चला, तेही बघू. रॅशनल पद्धतीत पाणलोट आणि रनऑफ गुणांक तेच ठेवले तर पावसाची तीव्रता २० टक्के वाढली की प्रवाह २० टक्के वाढतो. मॅनिंगच्या सूत्रात भरून वाहणाऱ्या पाइपाचा प्रवाह व्यासाच्या ८/३ घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे प्रवाह १.२ पट हवा तर व्यास १.२ चा ३/८ घात, येतो १.०७. फक्त ७ टक्के मोठा पाइप! हजार मिलिमीटरच्या जागी कागदावर १०७० येतो, म्हणजे बाजारात मिळणारा पुढचा साइज घ्यायचा.

हा शहाणपणा ड्रॉइंग शीटवर असताना स्वस्त असतो. रस्ता झाल्यावर, वर दुकानं उभी राहिल्यावर तोच महाग होतो. आणि एक सावधगिरी. रनऑफ गुणांक तसाच राहील हे धरणं धाडसाचं आहे. इंदापूरची काळी जमीन एकदा भिजली की फुगते, मग पाणी आत घेत नाही. त्यात बांध फोडलेले, ओढे बुजवून प्लॉट पाडलेले. ही चूक कुठल्याही क्लायमेट मॉडेलच्या माथी मारता येणार नाही. ती आपलीच.

आपल्या भागाचे अभ्यास

हे काम पुण्यात बरंच जुनं आहे. ब्रिटनच्या हॅडली सेंटरने तयार केलेलं 'प्रेसिस' हे मॉडेल, जे साध्या लिनक्स पीसीवर चालावं म्हणूनच बनवलं होतं, आयआयटीएममध्ये ५० किलोमीटर चौकोनावर चालवलं गेलं. रूपकुमार कोल्ली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. शतकाच्या अखेरीस पश्चिम किनारा आणि पश्चिम-मध्य भारतात टोकाचा पाऊस ठळकपणे वाढेल असं त्यात दिसलं. महाराष्ट्र सरकारने 'टेरी' संस्थेकडून करवून घेतलेल्या राज्याच्या अभ्यासातही ब्रिटनच्या हवामान विभागाचं २५ किलोमीटरचं मॉडेल वापरलं होतं.

दुसऱ्या बाजूने माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. पाण्याचा ताण, उष्णता, क्षार यांचा पिकावर होणारा परिणाम तिथे अभ्यासतात. आपल्या हॉस्टेलमधल्या किती जणांना हे माहीत आहे?

आपण काय करू शकतो?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी तेच विषय फिरत असतात. त्याऐवजी हे बघा. हवामान खात्याचा १९०१ पासूनचा, पाव अंशाच्या चौकोनांचा रोजचा पाऊस अभ्यासासाठी मिळतो. कॉर्डेक्सची आउटपुट मिळतात. राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळागणिक उभी आहेत. गम्बेल आपल्याला येतो. एखादा कॉम्प्युटरवाला, एक सिव्हिलवाला आणि एक गावचा मुलगा असा ग्रुप करा. गावातल्या एका ओढ्याचा पाणलोट काढा. त्यावरच्या प्रत्येक मोरीचं माप टेपने घ्या. २०२० च्या पुराची खूण कुठल्या भिंतीवर होती ते म्हाताऱ्यांना विचारा. मग मॉडेलचा बदलाचा गुणक लावा आणि कुठली मोरी पहिल्यांदा तुंबेल त्याची यादी करून ग्रामपंचायतीला द्या.

महसूल खात्याच्या भाषेत मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पंचनामे सुरू होतात. तलाठी येतो, वाहून गेलेली माती, पडलेलं डाळिंब, कुजलेला कांदा लिहून घेतो. पंचनामा झालेल्या नुकसानाचा असतो. डिझाईन हा होऊ घातलेल्या नुकसानाचा पंचनामा. फरक इतकाच की तो आधी करता येतो, आणि तो करायची पदवी आपण घेतोय.

आपल्या आजोबांनी दुष्काळ पाहून विहिरी खोदल्या. आपल्याला विहिरीही जपायच्या आहेत आणि ओढेही मोकळे ठेवायचे आहेत. पुढच्या वेळी रॅशनल मेथडचा प्रॉब्लेम सोडवताना दिलेली पावसाची तीव्रता लिहून घ्याल, तेव्हा सरांना एकदा विचारा, "सर, हा पाऊस कुठल्या सालचा?"